समुद्र नसलेल्या हंगेरीची समुद्रावर जाणारी रेल्वे : 'आद्रिया'ची गोष्ट

युरोपचा नकाशा उघडा आणि त्यात हंगेरी शोधा. ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, युक्रेन, रोमानिया, सर्बिया, क्रोएशिया आणि स्लोव्हेनिया असे सात शेजारी. चारही बाजूंनी जमीनच जमीन. समुद्राचा एक थेंबही या देशाच्या वाट्याला आलेला नाही.

पण याच हंगेरीच्या राजधानीतून, बुडापेस्टमधून, उन्हाळ्याच्या सुट्टीत एक रेल्वे सुटते. तिला स्लीपरचे डबे असतात, जेवणाचा डबा असतो. रात्रभर धावून सकाळी ती क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात पोहोचते, थेट समुद्राच्या काठावर. गाडीचं नाव 'आद्रिया'. एड्रियाटिक समुद्राला हंगेरियन भाषेत आद्रियाच म्हणतात.

आपल्याकडे गणपतीत मुंबईहून कोकणात स्पेशल गाड्या सुटतात, तशीच ही हंगामी गाडी. फरक एवढाच की चाकरमानी आपल्या गावाला जातो. हंगेरीचा माणूस मात्र जिथे जातो तो किनारा दुसऱ्या देशाचा आहे. आणि एकेकाळी त्या किनाऱ्यावरचं एक बंदर त्याच्या देशाचं होतं.

म्हणून या गाडीची गोष्ट टाइमटेबलपासून सुरू होत नाही. ती सुरू होते एका चिकटवलेल्या कागदापासून.

ठिगळ लावून मिळवलेलं बंदर

क्रोएशियात रियेका नावाचं मोठं बंदर आहे. इटालियन आणि हंगेरियन लोक त्याला फियुमे म्हणायचे. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, नदी. 1779 मध्ये ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाने हे शहर हंगेरीच्या राजमुकुटाला जोडून दिलं. हंगेरीपासून तुटक, मध्ये क्रोएशियाची जमीन, तरी हिशेब हंगेरीच्या नावावर, असा तो प्रकार होता.

1846 मध्ये लायोश कोशुत या हंगेरियन नेत्याने लेख लिहून आपल्या लोकांना हाक दिली की समुद्राकडे चला. त्याचं म्हणणं सरळ होतं. धान्य आपलं, पण ते जगात विकायचं तर दुसऱ्याच्या बंदरावर अवलंबून राहावं लागतं. स्वतःचं बंदर हवं आणि तिथवर जाणारी रेल्वे हवी.

पुढे 1867 मध्ये ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांचं जोड-साम्राज्य उभं राहिलं. पाठोपाठ 1868 मध्ये हंगेरी आणि क्रोएशिया यांच्यात करार झाला. फियुमे कुणाचं, यावर दोघांचं एकमत होत नव्हतं. हंगेरियन प्रतीत एक लिहिलं होतं, क्रोएशियन प्रतीत दुसरं. मग काय केलं असेल? क्रोएशियन प्रतीतल्या त्या कलमावर कागदाची पट्टी चिकटवली आणि हंगेरीला हवा तो मजकूर त्यावर लिहिला. क्रोएशियात आजही हे प्रकरण 'रियेकाचं ठिगळ' म्हणून शाळेत शिकवलं जातं. सरकारी कागदपत्रांत खाडाखोड करणारे आपल्याकडेही काही कमी नाहीत, पण अख्खं बंदर चिकटपट्टीवर फिरवल्याचं उदाहरण दुर्मीळच म्हणायचं.

बंदर मिळाल्यावर रेल्वे आलीच. झाग्रेबच्या पुढच्या कार्लोवाकपासून फियुमेपर्यंतचा रूळमार्ग 1873 मध्ये सुरू झाला. हा रस्ता सोपा नाही. गाडीला 800 मीटरहून जास्त उंचीवर चढायचं आणि मग थोडक्या अंतरात समुद्रसपाटीला उतरायचं. खोपोली-लोणावळ्याचा घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना यातली मेहनत वेगळी सांगायला नको.

मग 1889 मध्ये गाबोर बारोश नावाच्या मंत्र्याने एक भन्नाट निर्णय घेतला. हंगेरीत त्याला 'लोखंडी मंत्री' म्हणतात. त्याने रेल्वेचं भाडं किलोमीटरवर न ठेवता टप्प्यांवर ठेवलं. शेवटचा टप्पा 225 किलोमीटरच्या पुढे कितीही. म्हणजे 226 किलोमीटर जा नाहीतर थेट समुद्रापर्यंत जा, तिकीट एकच. बुडापेस्टहून फियुमे कितीतरी लांब, त्यामुळे सगळ्यात जास्त फायदा याच प्रवासाला झाला. साध्या माणसाला समुद्र परवडायला लागला.

या रुळांवरून फक्त सुट्टीवर जाणारे जात नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हंगेरीच्या खेड्यापाड्यातून गरीब शेतकरी रेल्वेने फियुमेला यायचे आणि तिथून बोटीने अमेरिकेला जायचे. कुनार्ड कंपनीची फियुमे ते न्यूयॉर्क अशी नियमित बोटसेवाच होती. त्यातल्या एका बोटीचं नाव तुम्ही नक्की ऐकलं असेल. कार्पेथिया. एप्रिल 1912 मध्ये टायटॅनिकच्या 700 हून जास्त लोकांना जिने वाचवलं, तीच. त्या रात्री ती न्यूयॉर्कहून फियुमेच्याच दिशेने निघाली होती. टायटॅनिक सिनेमा दहा वेळा पाहिलेल्यांनाही हे सहसा माहीत नसतं.

देश राहिला, समुद्र गेला

पहिलं महायुद्ध हरल्यावर 1920 मध्ये त्रियानोंचा तह झाला आणि हंगेरीची सुमारे दोन तृतीयांश जमीन गेली. त्यात समुद्रही गेला.

फियुमेचं पुढे जे झालं ते कादंबरीत शोभेल असं आहे. 1919 मध्ये गाब्रिएल द'अनुन्त्सियो नावाचा इटालियन कवी स्वतःचे सैनिक घेऊन शहरात घुसला आणि वर्षभराहून जास्त काळ त्याने ते ताब्यात ठेवलं. मग ते काही काळ स्वतंत्र राज्य झालं, 1924 मध्ये इटलीत गेलं, दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियात आणि आता क्रोएशियात.

इकडे हंगेरीत 1920 ते 1944 सत्तेवर कोण होतं? मिक्लोश होर्ती. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नौदलाचा शेवटचा सरसेनापती. देशाला समुद्र नाही आणि देशाचा प्रमुख अ‍ॅडमिरल. देश कागदावर राज्य, पण गादीवर राजा नाही. यावर त्या काळात भरपूर विनोद झाले.

ही सल अजून गेलेली नाही. मे 2022 मध्ये रशियन तेलावरच्या बंदीची चर्चा सुरू असताना तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान रेडिओवर बोलले. ज्यांच्याकडे बंदरं आहेत ते जहाजाने तेल आणू शकतात, आमचं बंदर आमच्याकडून काढून घेतलं नसतं तर आम्हीही आणलं असतं, अशा अर्थाचं ते विधान होतं. क्रोएशियाने लगेच निषेध नोंदवला. साहजिकच होतं ते. क्रोएशियाच्या बाजूने पाहिलं तर बंदर हंगेरीचं नव्हतंच, ठिगळ लावून घेतलेलं होतं.

मग समुद्राशिवाय हंगेरीच्या लोकांनी काय केलं? बालातोन तलावालाच त्यांनी समुद्र मानलं. सुमारे 77 किलोमीटर लांबीचा हा तलाव, त्याला तिथे 'हंगेरियन समुद्र' म्हणतात. कम्युनिस्ट राजवटीत मनात येईल तेव्हा पासपोर्ट काढून परदेशी जाण्याची सोय नव्हती. 1988 मध्ये सगळ्या देशांसाठी चालणारा पासपोर्ट मिळू लागला. तोवर बहुतेकांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीचा अर्थ बालातोनच होता. बुडापेस्टहून निघणारा जुना रेल्वेमार्ग या तलावाच्या दक्षिण काठाने जातो. स्टेशनवर उतरलं की पाणी समोर.

पण तलाव तो तलाव. त्याला खारा वास नाही आणि पलीकडचा काठ दिसतो.

स्प्लिटची वाट, जी ओंडके टाकून बंद झाली होती

'आद्रिया' गाडी मात्र रियेकाला जात नाही. ती जाते आणखी दक्षिणेला, दाल्मेशियातल्या स्प्लिटला. स्प्लिट आधुनिक काळात हंगेरीकडे कधीच नव्हतं. मध्ययुगात हंगेरीच्या राजांचं दाल्मेशियावर राज्य होतं, पण 1409 मध्ये हंगेरीच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या नेपल्सच्या लादिस्लाव राजाने आपला हक्क व्हेनिसला 1,00,000 डुकाट घेऊन विकून टाकला. आता विकलं ते विकलं.

स्प्लिटला झाग्रेबशी जोडणारा आजचा रूळमार्ग 1925 मध्ये पूर्ण झाला. लिका या डोंगराळ, विरळ वस्तीच्या भागातून तो क्निन गावाला येतो आणि तिथून खाली समुद्राकडे उतरतो. क्निन हे या वाटेवरचं नाक. ते दाबलं की किनाऱ्याचा श्वास बंद.

आणि ते खरंच दाबलं गेलं. युगोस्लाव्हिया फुटायला लागला तेव्हा, ऑगस्ट 1990 मध्ये, क्निनच्या परिसरातल्या सर्ब बंडखोरांनी झाडांचे ओंडके टाकून वाटा अडवल्या. इतिहासात या उठावाला 'ओंडक्यांची क्रांती' असंच नाव पडलं. पुढे युद्ध पेटलं आणि झाग्रेबहून क्निनमार्गे स्प्लिटला जाणारी रेल्वे वर्षानुवर्षं बंद राहिली. एकाच देशाची राजधानी आणि त्याच देशाचा किनारा, मध्ये युद्धाची रेषा.

ऑगस्ट 1995 मध्ये क्रोएशियाच्या सैन्याने 'ओलुया' म्हणजे वादळ या मोहिमेत क्निन परत घेतलं. तीनच आठवड्यांत, 26 ऑगस्टला, राष्ट्राध्यक्ष फ्रान्यो तुजमान झाग्रेबहून रेल्वेत बसले आणि स्टेशनांवर भाषणं देत देत स्प्लिटला पोहोचले. त्या गाडीला 'स्वातंत्र्याची गाडी' म्हणतात. या प्रवासाला दुसरी बाजूही आहे आणि ती सोडून चालणार नाही. त्याच मोहिमेत क्निन आणि आसपासचे सर्ब लोक प्रचंड संख्येने घरदार सोडून निघून गेले. रूळ मोकळे झाले, पण त्यांच्या कडेची अनेक गावंही मोकळी झाली.

आज सुट्टीवर निघालेली मंडळी बर्थवर झोपलेली असताना गाडी याच भागातून जाते.

मध्यरात्रीचा पासपोर्ट

बुडापेस्टहून झाग्रेबकडे जाताना हंगेरीचं शेवटचं मोठं स्टेशन ग्येकेन्येश. पलीकडे क्रोएशियाचं कोप्रिव्हनित्सा. मध्ये द्रावा नदी.

2015 च्या शरद ऋतूत हाच सरहद्दीचा पट्टा जगभरच्या बातम्यांत होता. सीरिया, इराक, अफगाणिस्तानातून आलेले निर्वासित क्रोएशियातून इथवर रेल्वेने आणले जात होते आणि चालत हंगेरीत शिरत होते. ऑक्टोबर 2015 च्या मध्यावर हंगेरीने कुंपण घालून ही सरहद्द बंद केली. तोवर दोन्ही देश युरोपियन युनियनमध्ये होते, पण क्रोएशिया अजून शेंगेनमध्ये नव्हता. शेंगेन म्हणजे ज्या देशांच्या आपसातल्या सीमांवर पासपोर्ट तपासत नाहीत तो गट.

2021 च्या उन्हाळ्यात हंगेरीच्या सरकारी रेल्वेने मधली काही वर्षं बंद पडलेली 'आद्रिया' पुन्हा सुरू केली, तेव्हाही हीच स्थिती होती. गाडी सरहद्दीवर थांबायची. आधी एका देशाचे पोलीस डब्यात चढायचे, मग दुसऱ्या. पोरं झोपलीत, त्यांचे पासपोर्ट बॅगेत तळाला, आणि दारावर टकटक.

1 जानेवारी 2023 ला क्रोएशिया शेंगेनमध्ये आला आणि त्याच दिवशी त्याने युरो चलनही स्वीकारलं. रुळांवर एक खिळाही नवा न ठोकता प्रवास सोपा झाला. शंभर वर्षांत या वाटेवर इतक्या सीमा आल्या आणि गेल्या, त्यातली प्रवाशाच्या फायद्याची म्हणावी अशी ही एक.

इतकी हळू, तरी लोक बसतात का?

खरा प्रश्न हाच आहे. झाग्रेब ते स्प्लिट हा मोटरवे 2005 मध्ये पूर्ण झाला. कारने साधारण चार तासांत माणूस पोहोचतो. रेल्वेने याच टप्प्याला दिवसाच्या वेगवान गाडीलाही सहा तासांच्या आसपास लागतात. बुडापेस्टहून धरलं तर कारवाला सकाळी निघून संध्याकाळी समुद्रात पाय बुडवतो, रेल्वेवाल्याची अख्खी रात्र जाते.

उशीर का लागतो, त्याची कारणं सगळी जमिनीवर दिसतात. मार्ग डोंगराचा, वळणा-वळणाचा. बहुतेक ठिकाणी एकच रूळ, म्हणजे समोरून गाडी आली की क्रॉसिंगला थांबा. कार्लोवाकच्या पुढे ओश्तारिये नावाचं छोटं जंक्शन आहे. तिथून स्प्लिटकडे वर वायरी नाहीत, त्यामुळे डिझेल इंजिनाशिवाय गाडी पुढे जात नाही. आपली कोकण रेल्वे 2022 मध्ये पूर्ण विजेवर आली, ही वाट अजून डिझेलवरच.

शिवाय उतार. जुलै 2009 मध्ये स्प्लिटच्या अलीकडे रुदिने इथे झाग्रेबहून येणारी गाडी घसरली आणि 6 जणांचा जीव गेला. उन्हाळ्यात रुळांकडेला वणवे लागू नयेत म्हणून एक द्रव फवारला होता, त्यानेच रूळ गुळगुळीत झाले आणि ब्रेक लागेनात. सुरक्षेसाठी केलेल्या कामाने घात केला. अशा मार्गावर चालक वेग का आवरतो, हे यावरून कळेल.

तरी लोक बसतात, कारण हिशेब तासांचा नसतो. उन्हाळ्यात क्रोएशियाच्या किनाऱ्यावरची घरं बहुधा शनिवार ते शनिवार भाड्याने मिळतात. म्हणजे शनिवारी निम्मा मध्य युरोप एकाच मोटरवेवर. झाग्रेबजवळच्या लुच्को टोलनाक्यावर आणि पुढे बोगद्यांच्या तोंडाशी रांगा लागतात. गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबई-गोवा हायवेवर पेण-वडखळला अडकलेल्याला याची कल्पना द्यायची गरज नाही. मागच्या सीटवर दोन लहान मुलं, बाहेर कडक ऊन, आणि चार तासांच्या रस्त्याला किती लागतील याचा भरवसा नाही. त्यापेक्षा झोपून गेलेलं काय वाईट?

दुसरं कारण स्प्लिटच्या स्टेशनचं. ते बंदराला अगदी लागून आहे. गाडीतून उतरा, बॅग ओढत काही मिनिटं चाला, समोर ब्राच, ह्वार, विस या बेटांच्या फेरीबोटी उभ्या. दुसऱ्या बाजूला रोमन सम्राट डायोक्लेशियनचा 1,700 वर्षं जुना राजवाडा, ज्याच्या भिंतींच्या आत आजही लोक राहतात. कारवाल्याला याच भागात पार्किंग शोधायचं म्हणजे सुट्टीचा पहिला दिवस वाया.

हे गणित फक्त हंगेरीलाच कळलं असं नाही. 2020 च्या उन्हाळ्यात, कोरोनामुळे विमानं जमिनीवर असताना, रेजिओजेट या चेक कंपनीने प्राग ते रियेका गाडी सोडली आणि ती धडाक्यात भरली. 2025 च्या उन्हाळ्यात पोलंडने वॉर्सा ते रियेका 'आद्रियाटिक एक्सप्रेस' सुरू केली. प्रवास सुमारे 19 तासांचा, पाच देशांतून, तरीही तिकिटांवर उड्या पडल्या.

मग अशा गाड्या वाढत का नाहीत? कारण रात्रीच्या गाडीचा डबा हा फार महागडा पाहुणा आहे. बसण्याच्या डब्यात जितकी माणसं बसतात त्यापेक्षा झोपण्याच्या डब्यात खूप कमी मावतात. त्यात ही गाडी धावणार उन्हाळ्याचे काही आठवडे. उरलेलं वर्ष या डब्यांना काम काय द्यायचं? युरोपात जुने स्लीपर डबे कमी होत चाललेत आणि नवे बनवून घेणं एका हंगामासाठी कुणालाच परवडत नाही. म्हणून दरवर्षी नव्याने जमवाजमव करावी लागते. डबे मिळतील का, क्रोएशियाकडे डिझेल इंजिन आणि चालक आहेत का, रुळांची दुरुस्ती नेमकी जुलैत तर नाही ना. या साखळीतली एक कडी निसटली की गाडी नाही. हंगामी गाडीला 'रद्द' करावं लागत नाही, ती फक्त पुढच्या टाइमटेबलमध्ये दिसत नाही. 'आद्रिया'चंही मागे असंच झालं होतं, आणि ती परत यायला काही वर्षं गेली.

ओश्तारियेच्या जंक्शनवर या वाटेला दोन फाटे फुटतात. एक फाटा वायरींखालून पश्चिमेला जातो, 1873 च्या त्या जुन्या घाटातून थेट रियेकाला, म्हणजे एकेकाळच्या फियुमेला. दुसरा दक्षिणेला वळतो. डोंगरात काळोख, डब्यात बहुतेक सगळे झोपलेले. बुडापेस्टहून आलेली गाडी दक्षिणेचा फाटा धरते आणि डिझेलच्या आवाजात स्प्लिटकडे निघते.